नकाशा आणि नक्षी : केवान खोस्रोवानी यांची वास्तुकला व वेशकला

प्रस्तावना

मराठीतील ‘नकाशा’ आणि ‘नक्षी’ हे दोन शब्द नित्याच्या व्यवहारात परस्परांपासून दूर गेले आहेत. नकाशा अभियंत्याच्या मेजावर असतो, तर नक्षी देवघराच्या चौकटीवर किंवा शालूच्या पदरावर असते. तथापि दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. ‘नक्श’ हा अरबी शब्द फारसीत रुजला आणि फारसीच्या मार्गाने मराठीत आला. फारसीत या शब्दकुळातून रेखाटन, चित्र, आकृतिबंध आणि आराखडा असे अर्थ विकसित झाले. इस्फहान येथील शाह अब्बासच्या विशाल चौकाचे ‘नक्श-ए-जहान’ हे नावही याच कुळातील आहे. मराठीतील ‘कशिदा’ या शब्दाची गोष्टही अशीच आहे. तो ‘कशीदन’ या फारसी क्रियापदावरून आला असून त्या क्रियापदाचे ‘ओढणे’ आणि ‘रेखाटणे’ असे दोन्ही अर्थ होतात. कागदावर रेघ ओढणारा वास्तुकार आणि कापडातून दोरा ओढणारी भरतकाम करणारी स्त्री यांच्या कृतीला फारसी भाषेने एकच क्रियापद दिलेले आहे.

केवान खोस्रोवानी या इराणी वास्तुकाराच्या कामाचा विचार करताना हे भाषिक साम्य केवळ व्युत्पत्तीचे कुतूहल राहत नाही. इराणच्या मध्यवर्ती वाळवंटाच्या कडेला असलेल्या नाईन या गावी त्यांनी प्रवासी निवासगृहाची वास्तू रचली. त्याच काळात इराणची सम्राज्ञी फराह पहलवी यांच्यासाठी पारंपरिक इराणी भरतकामाचा उपयोग करून त्यांनी राजवेशही रचले. १९७९ च्या क्रांतीनंतर पॅरिस हे त्यांच्या वास्तव्याचे ठिकाण झाले. त्यांच्याविषयीच्या लेखनात ही दोन कामे बहुधा एका बहुगुणी व्यक्तीच्या दोन छंदांप्रमाणे शेजारी मांडली जातात. या दोहोंमागे एकच रचनातत्त्व आहे काय, आणि असल्यास देशत्यागाने त्या तत्त्वाचे काय झाले, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भिंत आणि वस्त्र

वास्तू आणि वस्त्र यांचे नाते आधुनिक वास्तुविचाराला अपरिचित नाही. जर्मन वास्तुकार गोटफ्रीड झेम्पर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या वास्तुकलेच्या चार मूलतत्त्वांविषयीच्या ग्रंथात भिंतीचा उगम विणलेल्या चटईत व पडद्यात शोधला. त्यांच्या मते भार पेलणे हे भिंतीचे आद्य कार्य नसून अवकाश वेढणे हे आहे, आणि ते कार्य प्रथम वस्त्राने केले. जर्मन भाषेतील ‘भिंत’ आणि ‘पोशाख’ या अर्थांच्या शब्दांतील साम्याकडेही त्यांनी लक्ष वेधले होते. पुढे आडोल्फ लोस यांनी आच्छादनाच्या तत्त्वावर लिहिले, परंतु अलंकरणाला मात्र त्यांनी सांस्कृतिक मागासलेपणाचे लक्षण ठरवले. विसाव्या शतकातील आधुनिक वास्तुकलेने लोस यांचा हा दुसरा निर्णय उचलला. परिणामी नकाशा हा विचार ठरला आणि नक्षी ही केवळ सजावट ठरली.

इराणी बांधकामपरंपरेने असा भेद कधी केलेला नव्हता. भटक्या जमातींचे बकरीच्या केसांच्या विणीचे काळे तंबू हे झेम्पर यांच्या सिद्धान्ताचे जिवंत उदाहरण होते. शहरी वास्तूतील विटांच्या नक्षीदार रचनेला तर ‘हजारबाफ’, म्हणजे ‘हजार विणींची’, असे नाव आहे. गवंडी वीट विणतो, अशी ही दृष्टी आहे. वीट आत-बाहेर, आडवी-उभी बसवून जी नक्षी सिद्ध होते ती भिंतीवर नंतर चढवलेली नसते, भिंतच त्या नक्षीने बनते. विणकामातही आकृती आणि कापड एकाच क्रियेतून जन्म घेतात. या परंपरेत वाढलेल्या वास्तुकाराने वस्त्राकडे वळणे म्हणजे क्षेत्र बदलणे नव्हे.

युरोपीय वेशकलेतही वास्तुशिक्षण घेतलेले रचनाकार आढळतात. प्येर बाल्मँ आणि पाको राबान यांनी पॅरिसमध्ये वास्तुकलेचे शिक्षण घेतले होते. जानफ्रांको फेरे यांनी १९६९ साली मिलान येथे वास्तुकलेची पदवी घेतली आणि पुढे १९८९ ते १९९६ या काळात दिओर या वेशगृहाची कलासूत्रे सांभाळली. या तिघांनीही प्रत्यक्ष वास्तुव्यवसायाऐवजी वेशकला स्वीकारली. वस्त्राला वास्तूप्रमाणे उभे करणे, कापडाला आकारमान व ताण देणे, ही त्यांच्या शिक्षणाची शिदोरी होती. खोस्रोवानी यांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. त्यांच्याकडे वस्त्राचा आकार हा मुख्य विषय नसून ज्या हातांनी नक्षी सिद्ध होते त्या हातांशी नकाशाचे नाते कोणते, हा आहे.

वेश आणि राज्यसत्ता

इराणात वेश ही विसाव्या शतकात कधीच खाजगी बाब राहिली नाही. रझाशाहच्या राजवटीत १९२८ साली पुरुषांच्या वेशाच्या एकरूपतेचा कायदा झाला आणि पाश्चात्त्य पद्धतीचा पोशाख सक्तीचा झाला. जानेवारी १९३६ मध्ये स्त्रियांच्या पडद्यावर बंदी आली व तिची अंमलबजावणी बळाने झाली. १९७९ नंतर चाक उलट फिरले. मार्च १९७९ मध्ये सक्तीच्या हिजाबाविरुद्ध तेहरानातील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तरीही १९८३ पर्यंत ती सक्ती दंडसंहितेत दाखल झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या पोलीस कोठडीतील अवस्थेनंतर झालेल्या मृत्यूने जे आंदोलन पेटले, त्याच्याही केंद्रस्थानी हाच प्रश्न होता. वस्त्र कोणी ठरवायचे हा प्रश्न त्या देशात सत्ता कोणाची या प्रश्नाशी जोडलेला आहे.

नाईन हे गाव या इतिहासाचे एक बोलके उदाहरण आहे. उंटाच्या व मेंढीच्या लोकरीचे ‘अबा’, म्हणजे अंगावर घेण्याचे झगे, विणणे हा या गावाचा जुना व्यवसाय होता. पाश्चात्त्य पोशाखाचा प्रसार झाल्यावर अब्यांची मागणी घटली आणि तेथील विणकर गालिच्यांकडे वळले. आज जगभर ‘नाईन’ या नावाने ओळखला जाणारा बारीक गाठींचा गालिचा हा अशा रीतीने वेशातील स्थित्यंतराचे अपत्य आहे. जो धागा अंगावर होता तो जमिनीवर आला. वस्त्राचे वास्तूत रूपांतर होण्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. खोस्रोवानी यांची वास्तू याच गावी उभी राहिली हा योगायोग असेलही, परंतु त्यांच्या कामाचा अर्थ लावताना तो दुर्लक्षिता येत नाही.

पहलवी दरबाराचा वेश मात्र दीर्घकाळ पॅरिसमध्ये ठरत होता. १९५९ च्या विवाहप्रसंगी फराह यांनी परिधान केलेला वेश दिओरसाठी काम करणाऱ्या इव्ह सँ लोराँ यांनी रचला होता. २६ ऑक्टोबर १९६७ रोजीच्या राज्याभिषेकाचा वेशही दिओरच्याच मार्क बोआँ यांचा होता. मुकुट व्हान क्लीफ अँड आर्पेल्स या पॅरिसच्या जवाहिऱ्यांनी घडवला. राजकोशातील रत्ने देशाबाहेर नेण्यास मनाई असल्याने तेवढे काम तेहरानात झाले. रत्ने इराणची आणि रचना पॅरिसची, अशी ही विभागणी होती. या पार्श्वभूमीवर इराणी रचनाकाराने इराणी भरतकामाचा राजवेश सिद्ध करणे, ही केवळ अभिरुचीतील घटना नव्हती. शिवाय ज्या स्त्रीसाठी हे वेश रचले गेले ती विवाहापूर्वी पॅरिसमधील एकोल स्पेस्याल द आर्शितेक्त्यूर या संस्थेत वास्तुकलेचीच विद्यार्थिनी होती. रचनाकार आणि वेश धारण करणारी व्यक्ती या दोघांनाही नकाशाची भाषा अवगत होती.

नाईनची वीट

१९६० च्या दशकात इराणात पर्यटनासाठी जी बांधकामे झाली त्यांचा एक आदर्श तेहरानातील हिल्टनसारख्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या हॉटेलांनी पुढे ठेवला होता. अशी इमारत कोणत्याही देशाच्या राजधानीत उभी करता येते, किंबहुना तेच तिचे भांडवल असते. याच काळात इराणी वास्तुकारांची एक पिढी वेगळ्या वाटेने विचार करू लागली. नादेर अर्दलान आणि लाले बख्तियार यांच्या १९७३ च्या ग्रंथाने पारंपरिक इराणी वास्तुकलेतील एकात्मतेची मीमांसा केली. कामरान दिबा यांनी १९७७ साली खुल्या झालेल्या तेहरानच्या समकालीन कला संग्रहालयात वाळवंटी घरांवरील वाराधऱ्यांचा आकार प्रकाशासाठी वापरला. साखर उद्योगातील कामगारांसाठी त्यांनी रचलेल्या शुश्तर नवनगराला १९८६ साली आगाखान पुरस्कार मिळाला.

नाईनचे निवासगृह या प्रवाहात वाचावे लागते. नाईन हे माती, वीट आणि भुसामातीच्या गिलाव्याचे गाव आहे. तेथील दहाव्या शतकातील जुम्मा मशिदीचे गचकाम कलेतिहासात विख्यात आहे. जुनी घरे रस्त्याकडे पाठ करून अंगणाकडे उघडतात. पाणी भूमिगत कनातींतून येते व झाकलेल्या टाक्यांत साठते. अशा ठिकाणी बाहेरून येणाऱ्या प्रवाशासाठी इमारत बांधताना दोन मोह संभवतात. पहिला मोह गावाकडे दुर्लक्ष करण्याचा आणि दुसरा गावाची नक्कल करण्याचा. घुमट, कमानी आणि निळ्या फरशा यांचे प्रदर्शन मांडले की प्रवासी संतुष्ट होतो, परंतु गावकऱ्याला ते नाटकाच्या नेपथ्यासारखे भासते. खोस्रोवानी यांनी विटेवर भिस्त ठेवली. इमारतीचा रंग गावाच्या मातीशी जुळतो, आणि तिची भूमिती स्थानिक गवंड्याच्या कौशल्याला परकी नाही. येथे परंपरा चिन्हांच्या रूपाने अवतरत नाही, ती काम करण्याच्या पद्धतीत टिकते. नकाशा वास्तुकाराचा आहे, पण तो गवंड्याच्या हाताला अवगत असलेल्या गोष्टींच्या मर्यादेत आखलेला आहे.

ही मर्यादा स्वीकारणे हेच या वास्तूचे यश आहे. दिबा यांच्या संग्रहालयातील वाराधरे काँक्रीट व तांब्याच्या पत्र्यात रूपांतरित होऊन एक नवे शिल्पवत रूप धारण करतात, तेथे परंपरा अवतरणासारखी येते. नाईनमध्ये अवतरणचिन्हे नाहीत. या कारणानेच वास्तुकलेच्या इतिहासग्रंथांत नाईनच्या निवासगृहाला संग्रहालयाइतके स्थान मिळालेले नाही. ज्या कृतीत कर्त्याची स्वाक्षरी ठळक नसते ती समीक्षेच्या नजरेतून सहज निसटते.

बलुची कशिदा आणि राजवेश

राजवेशांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक अवघड रूप धारण करतो. इराणच्या आग्नेय सीमेवरील बलुचिस्तानातील स्त्रियांचे ‘सूजनदूजी’ हे सूचिकर्म या प्रयोगांत महत्त्वाचे ठरले. फराह यांच्या वेशांसाठी मेहेरमुनीर जहानबानी यांनीही या सूचिकर्माचा अवलंब केला होता. बलुची स्त्रीच्या पारंपरिक पोशाखात भरतकाम सर्वत्र पसरलेले नसते. छातीवरचा भाग, दोन बाह्यांचे काठ आणि कमरेपासून घेरापर्यंत उतरणारा लांब खिसा, अशा ठरावीक जागी ते असते. हे तुकडे स्वतंत्रपणे भरले जातात आणि मग पोशाखाला जोडले जातात. त्यांत भौमितिक आकृती असतात व कापडाचे धागे मोजून टाके घातले जातात. सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, परंपरेने कापडावर आधी रेखाटन केले जात नाही. आकृती आईकडून मुलीकडे आलेली असते व ती स्मरणातून कापडावर उतरते. येथे नक्षी आहे, परंतु नकाशा नाही.

वास्तुशिक्षित रचनाकाराच्या दृष्टीने ही पराकाष्ठेची कसोटी होती. नकाशाशिवाय सिद्ध होणाऱ्या नक्षीला नकाशात बसवायचे कसे? एक मार्ग असा की, आकृती कागदावर उतरवावी, ती बदलावी आणि कारागीर स्त्रीला बरहुकूम टाके घालायला लावावे. तसे केल्यास हात बलुची राहतो, स्मरण मात्र उरत नाही. दुसरा मार्ग असा की, भरतकामाचा तुकडा जसा आहे तसा स्वीकारावा आणि वेशाची बेतणी त्याच्याभोवती रचावी. या दुसऱ्या मार्गात कापडाचा बेत भिंतीसारखा असतो आणि भरलेला तुकडा त्या भिंतीत योग्य जागी बसलेल्या नक्षीदार विटेसारखा. राजवेशाच्या लांब, सरळ उतरणाऱ्या बेतात उभ्या भरलेल्या पट्टीला नैसर्गिक स्थान मिळते. बलुची पोशाखातील लांब खिशाची उभी रेघ ही मुळातच वास्तुरचनेतील उभ्या अक्षासारखी आहे. ज्या वेशांत हा अक्ष जपला जातो ते रचनेच्या दृष्टीने सरस ठरतात. जेथे भरतकाम केवळ किनार किंवा पट्टा होऊन राहते, तेथे ते दिओरच्या बेतावर लावलेल्या इराणी रत्नाच्या जातीचे होते.

मात्र समीक्षेला एवढ्यावर थांबता येत नाही. पहलवी राज्याने शिक्षणात फारसी हीच एकमेव माध्यमभाषा ठेवली होती. बलुची मुलीच्या भाषेला शाळेत स्थान नव्हते, परंतु तिच्या आईच्या टाक्यांना दरबारात स्थान मिळाले. परिघावरील समाजाची नक्षी राष्ट्राचे भूषण व्हावी आणि त्याची वाणी मात्र परिघावरच राहावी, ही विसंगती रचनाकाराने निर्माण केलेली नव्हती. तथापि त्याची कृती त्या विसंगतीच्या आत घडली. वेशाला रचनाकाराचे नाव मिळाले, धारण करणाऱ्या सम्राज्ञीचे नाव मिळाले, पण महिनोन्‌महिने धागे मोजणाऱ्या स्त्रीचे नाव त्यावर नाही. वास्तूच्या इतिहासातही गवंड्याचे नाव क्वचितच नोंदले जाते. येथेही दोन कला एकमेकींना मिळतात, मात्र हे मिलन गौरवाचे नाही.

या आक्षेपाला एक उत्तर संभवते. दरबारी प्रतिष्ठेमुळे या सूचिकर्माला शहरी बाजारपेठ व किंमत मिळाली. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. किंमत मिळणे आणि कर्तृत्व मान्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या नक्षीचा नकाशा बाईच्या स्मरणात आहे तेथे ती बाई केवळ कारागीर नसून रचनाकारही असते, हे मान्य केल्याशिवाय या वेशांचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

देशत्यागानंतर

१६ जानेवारी १९७९ रोजी शाह व फराह यांनी इराण सोडला. त्या राजवटीशी निगडित असलेल्या, आणि नसलेल्याही, अनेक कलावंतांना देश सोडावा लागला. वास्तुकाराचा देशत्याग हा कवीच्या देशत्यागाहून निराळा असतो. कवी भाषा बरोबर नेतो. वास्तुकाराची कृती मात्र जमिनीत रुतलेली असते आणि तिचा अर्थ त्याच्या पश्चात बदलत राहतो. हुसेन अमानत यांनी तरुण वयात स्पर्धा जिंकून रचलेला, १९७१ साली पूर्ण झालेला तेहरानचा शाहयाद मनोरा हे याचे सर्वश्रुत उदाहरण आहे. राजसत्तेच्या गौरवासाठी उभारलेल्या त्या मनोऱ्याभोवती क्रांतीचे जनसमुदाय जमले. क्रांतीनंतर त्याचे नाव ‘आझादी’ झाले. जून २००९ मध्ये निवडणुकीच्या निकालाचा निषेध करणारे लोकही तेथेच एकवटले. बहाई असलेल्या अमानत यांना कॅनडात वास्तव्य करावे लागले, मनोरा मात्र नवनव्या पिढ्यांचा होत गेला.

वस्त्र तरी बरोबर नेता येते, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात राजघराण्याचे अनेक वेश तेहरानातच राहिले. सादाबाद राजवाड्याच्या आवारातील राजवस्त्र संग्रहालयात पहलवी घराण्याचे पोशाख काचेआड मांडले आहेत. शरीराविना उभा असलेला वेश ही एक विलक्षण वस्तू असते. त्याचा बेत दिसतो, टाके दिसतात, परंतु चालताना कापडाला येणारी लय दिसत नाही. याउलट निवासगृहात प्रवासी येतात, निजतात, निघून जातात. राजवट बदलली तरी विटेच्या सावलीची गरज बदलत नाही. म्हणून एका व्यक्तीच्या मापाने रचलेला वेश दस्तऐवज होतो आणि अनोळखी माणसांसाठी रचलेली वास्तू वापरात राहते. खोस्रोवानी यांच्या दोन कामांतील खरा भेद माती आणि कापड यांच्यात नाही. तो या दोन प्रकारच्या ‘उपभोक्त्यां’मध्ये आहे.

परंतु देशत्यागाने रचनाकाराचे नेमके काय हिरावले, याचे उत्तर याहून खोल आहे. वास्तूही नव्याने बांधता येते, वेशही नव्याने बेतता येतो. पॅरिसमध्ये वास्तुकारांना वा वेशकारांना साधनांची वाण नव्हती. ज्या रचनातत्त्वाचा येथे शोध घेतला ते मात्र दुसऱ्याच्या हातावर अवलंबून होते. नाईनची वीट लावणारा गवंडी आणि धागे मोजणारी बलुची स्त्री यांच्यावाचून त्या तत्त्वाला देह नव्हता. नकाशा प्रवासी पेटीत मावतो, नक्षी मावत नाही. पॅरिसमध्ये विटेची भूमिती काढता येईल, बलुची आकृतीचे रेखाटनही करता येईल. तथापि रेखाटनाच्या आधी असणारे स्मरण आणि त्या स्मरणाशी होणारा संवाद तेथे उपलब्ध नाही. विशिष्ट हातांच्या मर्यादेत आखण्याची शिस्त ज्याने स्वीकारली, त्याच्यासाठी देशत्याग हा कलेच्या पायावरचा आघात ठरतो.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, खोस्रोवानी यांची वास्तुकला व वेशकला या परस्परांच्या शेजारी ठेवलेल्या दोन आवडी नसून सिद्ध नक्षीला अनुसरून नकाशा आखण्याच्या एकाच तत्त्वाची दोन रूपे आहेत. दोन, हे तत्त्व नाईनच्या वास्तूत अधिक निर्वेधपणे साकारले; राजवेशांत मात्र ते दरबारी आश्रयाच्या आणि अनामिक श्रमांच्या विसंगतीत अडकले. तीन, देशत्यागाचा परिणाम मोजताना मागे राहिलेल्या कृतींपेक्षा तुटलेले कार्यसंबंध अधिक निर्णायक मानले पाहिजेत.

बलुचिस्तानात आजही स्त्रिया सूचिकर्म करतात. सम्राज्ञी गेली, दरबार गेला, रचनाकार गेला, तरी धागे मोजणे थांबले नाही. यावरून नक्षीला नकाशाची गरज नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. नकाशाला मात्र नक्षीची गरज असते, आणि ती गरज नकाशाखाली स्वाक्षरी करणाऱ्याने मान्य केली किंवा नाही, या कसोटीवर अशा कृतींचे मूल्य ठरवावे लागेल. नाईनच्या विटेने ती गरज मान्य केली होती. राजवेशांनी ती वापरली, पण मान्य केली असे म्हणता येत नाही. त्या वेशांच्या पुढील अभ्यासाला प्रारंभ करायचा तर तो रचनाकाराच्या किंवा सम्राज्ञीच्या नावापासून न करता टाक्यापासून करावा लागेल.